दोन्ही दिवे

सरांच्या तोंडात ‘नक्की’ हा शब्द कधी आला नाही. कॉलेजमधल्या शिपाईमामांच्या मुलीचं लग्न होतं. मामा पत्रिका घेऊन आले आणि म्हणाले, “सर, नक्की यायला लागतंय.” सरांनी पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, तारीख वाचली, खिडकीबाहेर थोडं बघितलं आणि म्हणाले, “येण्याची शक्यता चांगली आहे.” मामांचं तोंड एवढंसं झालं. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड यायच्या आधी मांडवात येऊन बसलेला पहिला माणूस म्हणजे सर. वाढप्यांनी त्यांना मुलाकडचे समजून सरबत दिलं.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, याहून जुनी गोष्ट सांगायच्या. सर त्यांना बघायला गेले तेव्हा काकूंच्या वडिलांनी विचारलं, “मुलगी पसंत आहे का?” सर म्हणाले, “पसंत असण्याची शक्यता जास्त आहे.” वडील उठून आत निघून गेले. “माझ्या मामांनी समजूत घातली म्हणून लग्न झालं,” काकू म्हणायच्या. “आजपर्यंत या माणसानं मला एकदाही नक्की म्हटलं नाही.” सर पेपर वाचत असायचे. वर न बघता म्हणायचे, “अजून वेळ गेलेली नाही.”

ते आम्हाला संख्याशास्त्र शिकवायचे. मी त्यांच्याबद्दल लिहावं इतकी माझी लायकी आहे की नाही, मला ठाऊक नाही. माझ्याहून हुशार विद्यार्थी त्यांना खूप मिळाले. पण ते गेले तेव्हा वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यांत त्यांच्या दिव्यांचा उल्लेख नव्हता. तो कुठेतरी असावा असं वाटतं.

नव्वदच्या दशकात मी गारगोटीच्या पलीकडच्या आमच्या गावातून कोल्हापूरला शिकायला आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं कुणी नव्हतं. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करायचे, आई मजुरीला जायची. पहिल्याच आठवड्यात एका मॅडमनी मला उभं करून काहीतरी विचारलं. मी म्हणाले, “मला न्हाई येत.” पुढच्या बाकावरच्या मुली हसल्या. फार वाईट हसल्या असं नाही, कुणीही हसतं तसंच. पण त्या दिवसानंतर मी वर्गात बोलणं सोडलं. हजेरीला हात वर करायचे, तेवढंच. दिवाळीला गावाकडे गेल्यावर परत यायचं नाही, असं मनात ठरवून टाकलं होतं.

त्याच वर्षी सरांचा फळा तयार झाला. म्हणजे दिव्यांचा फळा. त्यासाठी ते कित्येक महिने लुनाच्या पुढच्या जागेत प्लायवूड, वायरची भेंडोळी आणि दाराच्या बेलची बटणं घालून फिरत होते. लोकांना वाटायचं सरांनी घर बांधायला काढलंय. बाकावर बसणाऱ्या प्रत्येकासाठी फळीखाली, मांडीवर हात ठेवला की सापडतील अशी दोन-दोन बटणं बसवली होती. डावं दाबलं की समोरच्या प्लायवूडवर एक छोटा हिरवा दिवा लागायचा, उजवं दाबलं की लाल. हिरवा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून ट्रॅक्टरची एक जुनी बॅटरी खिडकीखाली ठेवलेली असायची. सगळी वायर त्यांनी स्वतः ओढली होती, आणि ओढताना मुद्दाम गुंता केला होता. पहिल्या बाकावरचा एखादा दिवा फळ्यावर मधल्या ओळीत, शेवटच्या बाकावरचा वरच्या कोपऱ्यात. आपला दिवा कुठला हे थोड्या दिवसांत ज्याचं त्याला कळायचं, दुसऱ्याचा कळायचा नाही.

“मलाबी ठाऊक न्हाई कोण कुठला,” सर म्हणाले. “मी वायरी जोडल्या आणि विसरलो. आता खरं दाबायचं. चुकलं तर दिवा चुकला, तू न्हाईस. आणि येत नसलं तर दोन्ही बटणं दाबायची. हिरवा, लाल, दोन्ही दिवे. त्याचा अर्थ, मला माहीत न्हाई. हे सगळ्यात अवघड उत्तर हाय. ते ज्याला देता आलं त्याला बाकीचं मी शिकवतो.”

मी पहिल्या दिवशी दोन्ही बटणं दाबली. समोर भर वर्गात माझं ‘न्हाई येत’ लागलं होतं, आणि कुणी हसलं नाही. आणखी कितीतरी ठिकाणी दोन्ही दिवे लागले होते. त्यांत पुढच्या बाकावरच्या मुलीही असणार, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

सरांची शिकवण्याची पद्धत एकच. प्रश्न घालायचा, दिवे लावायला सांगायचं, मग शेजाऱ्याशी भांडायला सांगायचं, मग पुन्हा दिवे. उत्तर कधी लगेच सांगायचे नाहीत. “बघूया,” म्हणायचे, आणि खिशातून चिंचोके काढायचे. अर्धे फोडलेले, एक बाजू काळी, एक पांढरी. आमच्याकडे पोरं पट खेळताना फाशांऐवजी वापरतात तसले. “टाकला तर पांढरा पडायची शक्यता निम्मी. हो का नाही?” सगळा फळा हिरवा व्हायचा. मग बाकाबाकावर चिंचोके टाकले जायचे आणि तो फुगीर काळ्या पाठीचा चिंचोका निम्म्याला काही जुमानायचा नाही. “दोन बाजू हायत म्हणून निम्मं-निम्मं, हे कुणी सांगितलं तुम्हाला? टाकून बघितलं होतं?”

मागच्या बाकावर एक पैलवान मुलगा बसायचा, तालमीतून थेट वर्गात यायचा. तो एकदा उठून म्हणाला, “पण सर, मी पास हुणार न्हाईतर नापास. दोनच गोष्टी. मग माझी निम्मी शक्यता झाली की.”

“बस,” सर म्हणाले. “तू चिंचोक्यापेक्षा फुगीर हाईस.”

त्या वर्षीचा जो तास मला विसरता येत नाही, तो वाढदिवसांचा. वर्गात पन्नास-साठ जण असले तर त्यांतल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी येण्याची शक्यता फार मोठी असते, हे सरांना दाखवायचं होतं. ते म्हणाले, “आधी महिने बघू. आपण धरून चालू की जन्म सगळ्या महिन्यांत साधारण सारखेच होतात. मी महिना म्हणतो, ज्याचा असेल त्यानं हिरवं दाबायचं.”

जानेवारीला दोन-चार दिवे लागले. फेब्रुवारीला तसेच. मार्च, एप्रिल, मे. सर फळ्याच्या बाजूला उभे राहून मान हलवत होते, सगळं पुस्तकाप्रमाणे चाललं होतं. मग ते म्हणाले, “जून.”

निम्मा फळा पेटला.

मग पुढून एक मुलगा म्हणाला, “सगळे एकाच दवाखान्यात जन्मले काय रे?” आणि वर्ग हसला.

मागून पैलवानाचा आवाज आला, “आम्ही दवाखान्यात न्हाई जन्मलो गा. घरात जन्मलो.”

माझं बोट बटणावर होतं. ते काढावं की ठेवावं, समजेना. माझ्याही दाखल्यावर एक जून होता. आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांचा तोच. आईबापाला तारीख सांगता येत नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी एक जून लिहायचे. त्याच सुमारास शाळा सुरू व्हायच्या, हिशेबाला सोपं. आम्हाला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. समोर एवढे दिवे एकदम लागेपर्यंत.

सर हसले नाहीत. ते टेबलापाशी गेले. त्यांच्या टेबलाखालीही दोन बटणं होती, आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांनी त्यांतलं एक दाबलं. फळ्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात आणखी एक हिरवा दिवा लागला.

“आता मोजा,” ते म्हणाले. “माझाबी एक जून.”

सर खुर्चीवर बसले. ते शिकवताना कधी बसायचे नाहीत. “स्वतःचा दाखला विसरलो आणि पुस्तकातलं धरून चाललो,” ते म्हणाले. “चूक फळ्याची न्हाई, तुमची न्हाई. धरून चालणाऱ्याची हाय. दिवाळीला घरी जाल तेव्हा आईला विचारून या. खरं कधी जन्मलो ते. तारीख नको, महिना बास. मग परत दिवे लावू.”

मी घरी जाऊन आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “कुणाच्या ध्यानात हाय आता.” मी सरांना पोस्टकार्ड टाकलं की आईला आठवत नाही. परत येणार नाही हे लिहायचा धीर झाला नाही.

पुढच्या रविवारी सर एसटीतून उतरून आमच्या वस्तीत हजर. हातात कापडी पिशवी, त्यात केळी. वडील कामावरून नुकतेच आले होते, अंगावर सिमेंट. त्यांनी गडबडीनं हात धुतले. “जयभीम सर.”

“जयभीम,” सर म्हणाले आणि अंगणातल्या बाजल्यावर बसले.

आई दारात आली. पदर सारखा करत म्हणाली, “पोरीनं काय केलं काय सर?”

“काय न्हाई. ही कधी जन्मली ते विचारायला आलोय.”

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू आलं. “एवढ्यासाठी गाडीनं आलासा? मला न्हाई आठवत म्हणून सांगितलंय की हिला.”

“आठवत न्हाई असं नसतंय बाई. आम्हाला विचारायला येत न्हाई,” सर म्हणाले. “उन्हाळा होता का पावसाळा?”

“ऊन लई हुतं. पाणी आणाय लांब जावं लागायचं.”

“त्या वेळी वस्तीत काय चाललेलं?”

आई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. “जयंती झालती,” ती हळूच म्हणाली. “मिरवणूक दारावरनं गेली तवा मी पोट धरून हितंच बसलो हुतो. मांडवाचं वासं अजून काढलं नव्हतं. निळ्या पताका तशाच हुत्या. सासू म्हणली, दोन दिस आधी आली असती तर हिचंबी नाव मिरवणुकीत घेतलं असतं.” बोलता बोलता तिनं डोळे पुसले. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं तसं.

“म्हणजे एप्रिलचा मध्य,” सर म्हणाले. “शक्यता खूप मोठी हाय.”

वडिलांनी विचारलं, “मग दाखल्यावर बदलून घ्यायचं का सर?”

“कशाला? राहू दे.” सरांनी एक केळं सोललं आणि ते हातात धरूनच बोलत राहिले. “मी हातकणंगल्याकडचा. माझा बाप मला म्हसरांमागं धाडणार होता. गुरुजी घरी आले, माझं वय भरत नव्हतं, तर त्यांनी एक जून लिहून मला मोठा केला आणि शाळेत बसवला. त्या तारखेनं मला आत घेतलं. ती खोटी कशी म्हणू?”

“आन खरी कवाची?” आईनं विचारलं.

“माझी आई होती तोवर मला विचारायचं सुचलं न्हाई.”

मग आईनं माझ्याकडे हात केला. “सर, ही आता परत जायचं न्हाई म्हणतीया बघा.”

मला वाटलं सर आता शिक्षणाचं महत्त्व सांगतील. तसं घरी बसून ऐकायची माझी तयारी होती. ते केळं खाऊन उठले, पिशवी झटकली. “तिची मर्जी,” ते म्हणाले. “पण परत दिवे लावायचेत. हिचा एप्रिलचा दिवा लागला न्हाई तर माझा प्रयोग तेवढा चुकीचा राहील.”

मी त्या एका दिव्यासाठी परत गेले. दुसरं कारण मला आजही सांगता येत नाही.

दिवे पुन्हा लावले त्या दिवशी वर्गात बाहेरचीही मुलं येऊन उभी राहिली होती. सर एकेक महिना म्हणत गेले. एप्रिलला मी बटण दाबलं, माझा दिवा तिसऱ्या ओळीत लागला. जूनला या वेळी मोजकेच दिवे होते. बाकीचे सगळे वर्षभर पांगले होते. कुणी भुईमूग काढायच्या दिवसांत जन्मलेलं, कुणी गुऱ्हाळं चालू असताना, पैलवान तर ऐन दसऱ्यात. डिसेंबर झाल्यावर सर म्हणाले, “कुठल्याच महिन्यात ज्यांनी दाबलं न्हाई, त्यांनी दोन्ही दाबा.”

फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात हिरवा आणि लाल, दोन्ही दिवे लागले. तेवढेच. सर टेबलामागं उभे होते, हात टेबलाखाली.

त्यानंतर मी वर्गात बोलायला लागले. ‘न्हाई’ म्हणायचे तेव्हा न्हाईच म्हणायचे.

सर दाखल्याप्रमाणे मे अखेरीला निवृत्त झाले. तोवर नवं शतक लागलं होतं आणि मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले होते, संध्याकाळी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्येही. सरांचा फळा अडगळीच्या खोलीत गेला. काही वर्षांनी वर्गात प्रोजेक्टर आला, आणि त्याच्याबरोबर मुलांच्या हातात द्यायचे छोटे रिमोट. बटण दाबलं की पडद्यावर आकडे. मी उत्साहानं सरांना सांगायला गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “कोणी काय दाबलं ते कळतं?”

“हो सर. रोल नंबरसकट दिसतं.”

“मग खरं दाबणार न्हाईत.” थोड्या वेळानं म्हणाले, “आणि दोन्ही दाबता येतात?”

येत नव्हती. दुसरं दाबलं की पहिलं पुसलं जायचं. सरांनी मान हलवली आणि चहाचा कप उचलला.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी भेटायला गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. जो तो सरांशी मोठ्यानं बोलत होता, जणू त्यांना ऐकूही येत नाही. पुण्याहून मुलगा आला होता. भला माणूस. “बाबांना पुण्याला नेतो,” तो सगळ्यांना सांगत होता. “तिकडे सोयी चांगल्या आहेत. बाबा, बरं वाटेल तुम्हाला तिकडे.” सर डावा हात गादीवर आपटत होते. काकू म्हणाल्या, “दुखतंय त्यांना. सारखं असं करतात.” मुलानं गोळी दिली.

मी दाराशी उभी होते. तो हात मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन शिपाईमामांकडून अडगळीच्या खोलीची किल्ली मागितली. फळा भिंतीला उलटा टेकवून ठेवला होता. “घेऊन जावा की ताई काय पाहिजे ते,” मामा म्हणाले. “त्याच्या वायरी खाऊन उंदरं कॉलेजाएवढी झाल्यात.” मी दोन बटणं सोडवली, एक हिरवा दिवा आणि एक लाल. प्लायवूडच्या तुकड्यावर ते बसवून घेतले, टॉर्चच्या सेलवर लागतील असे.

सरांच्या डाव्या हाताखाली तो तुकडा ठेवला. त्यांची बोटं बटणांवरून फिरली आणि थांबली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“काकू, काहीतरी विचारा,” मी म्हणाले.

काकूंना काही सुचेना. “चहा घेणार?”

हिरवा लागला.

“साखर घालू?”

पुन्हा हिरवा, लगेच. “साखर बंद आहे म्हटलं ना डॉक्टरांनी,” काकू म्हणाल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मुलगा जवळ आला. पलंगाच्या कडेला बसून त्यानं विचारलं, “बाबा, पुण्याला यायचं ना?”

लाल.

“तिथे चांगले डॉक्टर आहेत बाबा.”

लाल. या वेळी बोट उचललंच नाही. मुलगा त्या दिव्याकडे बघत म्हणाला, “म्हणजे ते हात आपटत होते ते...” आणि उठून गॅलरीत गेला. सरांना कुणी पुण्याला नेलं नाही.

पावसाळा संपायच्या आत ते गेले. पण त्याआधीची एक दुपार आहे. मुलगा कामाला परत गेला होता. काकू सरांना भरवून तोंड पुसत होत्या, मी औषधांच्या बाटल्या लावत होते. त्या दिवशी डॉक्टर येऊन गेले होते आणि त्यांनी काकूंना बाजूला घेऊन काही सांगितलं होतं. काकूंनी वाटी खाली ठेवली आणि सरांच्या कपाळावरून हात फिरवला.

“इतकी वर्षं एक शब्द मागितला तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या. “आज तरी सांगा. बरे होणार ना तुम्ही? नक्की?”

सर त्यांच्याकडे बघत होते. त्यांचं बोट हिरव्या बटणावर आलं. मी मनात म्हणत होते, दाबा सर, एवढं एकदा नुसतं तेच दाबा.

हिरवा लागला. काकूंचा चेहरा उजळला. मग सरांचा अंगठा हळूहळू सरकला, दुसऱ्या बटणावर आला, आणि लालही लागला.

“हे बघ गं,” काकू माझ्याकडे वळल्या. “बिघडलं वाटतं. वायरी चिकटल्या का बघ जरा.”

मी खाली वाकले. वायरी बघितल्या. एकेक जोड बोटानं चाचपला. मान वर करायला मला वेळ लागला.

“नाही काकू,” मी म्हणाले. “बरोबर लागलेत.”

सर माझ्याकडे बघत होते. त्यांनी बटणं सोडली नव्हती.